शिसे घट्ट बांधण्याचा सल्ला कोणाच्या सोयीचा?

ब्रिटनमधील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये, दिवस मोठे होऊ लागले की, कार्प मासा गळाला कसा लावावा हे सांगणारा एक संदेश फिरू लागतो. त्याचा सारांश असा: ऑनलाइन परवाना काढला की देशातील कोणत्याही तळ्यावर बसता येते, जवळचे तळे उपग्रह-नकाशावर शोधावे, गळ कणकेच्या गोळ्यात पूर्ण लपवावा, शिसे (आमिष तळाशी ठेवणारे शिशाचे वजन) गाठ मारून घट्ट बांधावे आणि तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, जाडात जाड घ्यावा, म्हणजे मासा सुटत नाही, तरीही तंगूस तुटलाच तर गळ चार दिवसांत गंजून गळून पडतो, आणि हाती आलेला मासा आपल्याकडचाच सायप्रिनस असल्यामुळे खुशाल घरी न्यावा.

संदेश लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नाही आणि त्यातील काही भाग अर्धवट खराही आहे. मात्र त्यातला प्रत्येक सल्ला मासा गळाला लागेपर्यंतचाच विचार करतो. तळे कोणाचे, तंगूस तुटल्यावर माशाचे काय होते आणि पकडलेला मासा पुढे कोठे जातो, हे प्रश्न त्यात येतच नाहीत. इंग्लंडमधील कार्पच्या तळ्यांवरचे बहुतेक नियम मात्र नेमक्या याच प्रश्नांतून निघाले आहेत.

परवान्यापासून सुरुवात करू. इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातील मासे काठी-गळाने धरणाऱ्या १३ वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण संस्थेचा परवाना लागतो, हे बरोबर आहे. १३ ते १६ वयाच्या मुलांना तो विनामूल्य मिळतो, पण काढावा लागतोच, आणि परवान्याशिवाय मासेमारी केल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. चूक आहे ती त्यापुढच्या निष्कर्षात. परवाना काठी वापरण्याचा आहे. पाण्याचा किंवा त्यातील माशांचा नाही. तळे शेतकऱ्याचे, क्लबचे, कंपनीचे किंवा नगरपालिकेचे असते आणि तेथे बसण्यासाठी मालकाची वेगळी परवानगी लागते. ही परवानगी कोठे दिवसाच्या तिकिटाच्या रूपात मिळते, कोठे क्लबच्या वार्षिक सभासदत्वातून, तर कोठे मोजक्या सभासदांच्या सिंडिकेटमधून, जिच्यासाठी प्रतीक्षायादीत नाव घालून काही वर्षे थांबावे लागते. खासगी पाण्यातून विनापरवानगी मासे धरणे हा १९६८ च्या चोरीविषयक कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि खिशात एजन्सीचा परवाना असल्याने तो सौम्य होत नाही. स्कॉटलंडमध्ये असा परवाना लागत नाही, म्हणून तेथे सारे पाणी मोकळे आहे असेही कोणी समजू नये. मालकाची परवानगी तेथेही हवीच.

नकाशाचा सल्ला ऐकायला सोपा आहे, पण लंडनच्या पश्चिमेचे कोल्न खोरे किंवा ऑक्सफर्डजवळचा टेम्सकाठ उपग्रहचित्रात पाहिला की त्याची मर्यादा कळते. तेथील बहुतेक जलाशय वाळू-खडी काढून झाल्यावर उरलेल्या खाणींत भूजल साठून तयार झाले आहेत, आणि वरून पाहता मासेमारीचे तळे, शिडाच्या होड्यांच्या क्लबचे तळे, पक्ष्यांसाठी राखलेले तळे आणि अजून चालू असलेली खाण हे सारे एकाच रंगाचे दिसतात. त्यापेक्षा गावातील मासेमारीच्या सामानाच्या दुकानात चौकशी करणे कितीतरी फायद्याचे, कारण परिसरातील क्लबांची कार्डे आणि तिकिटे पुष्कळदा तेथेच विकली जातात, आणि तळ्यावर कोणते गळ व कोणत्या दोऱ्या चालत नाहीत, हेही दुकानदाराला माहीत असते. लंडनकरांनी वॉल्थमस्टो वेटलँड्सचे जलाशय किंवा हॅम्पस्टेड हीथची तळी यांची चौकशी करावी. दोन्हीकडे मासेमारीला रीतसर वाव आहे आणि दोन्हीकडे जागेची स्वतंत्र परवानगी लागते. जाण्यापूर्वी तिकीट काठावर मिळते की आधी काढावे लागते, रात्री थांबता येते का आणि रिगविषयीचे (गळ, दोरी व शिसे यांच्या जुळणीविषयीचे) नियम काय, एवढे विचारून घ्यावे. १५ मार्च ते १५ जून हा बंदीकाळ नद्यांना लागू असतो; बहुतेक तळ्यांवरची ही बंदी १९९५ मध्ये उठली, पण काही ठिकाणी तो आजही पाळला जातो, त्यामुळे तेही विचारणे बरे. आणि उपग्रहचित्रात सहसा न दिसणारी एक गोष्ट म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारा. आजच्या काठ्या कार्बन-फायबरच्या असतात आणि त्यांतून वीज वाहते, म्हणून तारांपासून निदान ३० मीटर दूर बसावे.

गळ कणकेत पूर्ण लपवण्याची पद्धत आपल्याकडच्या तळ्यांवर सर्रास दिसते, म्हणूनच हा सल्ला मराठी वाचकाला पटकन पटतो. कार्प मात्र तळाशी तोंड लावून अन्न शोषतो, पारखतो आणि संशय आला तर फुंकून बाहेर टाकतो. गळाचे टोक घट्ट मळलेल्या कणकेत बुडालेले असेल तर ते ओठात न रुतता गोळ्यासकट बाहेर पडते. आणि मासा भुकेला असेल तर गोळा थेट घशाकडे जातो, जिथे कार्पचे दात असतात, आणि तेथे अडकलेला गळ काढताना माशाला इजा होणे जवळजवळ अटळ असते. या अडचणीवरचा उपाय लेन मिडलटन आणि केविन मॅडॉक्स या दोन इंग्रज मासेमारांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस काढला. आमिष गळावर न लावता गळाखालून निघणाऱ्या बारीक दोऱ्यावर ओवायचे आणि गळ उघडा ठेवायचा, ही ती ‘हेअर रिग’. बांधायला ती कठीण नाही. गळाला शिशाशी जोडणाऱ्या आखूड दोरीच्या टोकाला आमिषासाठी छोटा फास करावा, दुसरे टोक गळाच्या डोळ्यातून (वरच्या छिद्रातून) मागून पुढे ओढून फास हवा तेवढा खाली सोडावा, मग त्याच टोकाने गळाच्या दांडीवर डोळ्याकडून खाली सात-आठ वेढे द्यावेत आणि टोक पुन्हा डोळ्यातून मागूनच बाहेर काढावे. गाठ ओढण्यापूर्वी ती ओली करावी, कारण कोरडी गाठ आवळताना घर्षणाच्या उष्णतेने दोरी कमकुवत होते. या बांधणीत गळ बहुधा खालच्या ओठात लागतो आणि सहज निघतो.

आता संदेशातील सर्वांत घातक ओळ: शिसे घट्ट बांधा. या ओळीमागे एक खरे निरीक्षण आहे. आमिष तोंडात घेऊन मासा हलला की आखूड दोरी ताठ होते, तीन-चार औंस, म्हणजे ८५ ते ११३ ग्रॅम शिशाचे वजन गळाच्या टोकावर येते, टोक रुतते आणि मासा दचकून धाव घेतो. म्हणजे त्या क्षणी शिशाने जागचे हलू नये, हे मान्य. पण त्या क्षणानंतर शिशाचे काम संपलेले असते, आणि तरीही ते सुटू शकत नसेल तर ते माशाच्या गळ्यातले लोढणे होते. खडीच्या उंचवट्याची धार, शिंपले, बुडालेली झाडे यांवर घासून तंगूस तुटतो. फेकताना झटक्यानेही तुटतो आणि आमिष लावलेली जुळणी तळाशी पडून राहते. घट्ट बांधलेल्या शिशासह निसटलेला मासा ते ओढत पाणवनस्पतींत शिरतो, शिसे मुळांत किंवा फांदीत अडकते आणि मासा तेथेच बांधला जातो. तंगूस तुटल्याक्षणी काठावरच्या माणसापुरता प्रसंग संपतो. मासा मात्र खाता-फिरता न येता मरेपर्यंत तसाच राहू शकतो.

म्हणून सुरक्षित जुळणीचा निकष एकच: तंगूस कोठेही तुटला तरी माशाला शिशापासून सुटता आले पाहिजे. त्याच्या तीन रूढ पद्धती आहेत. पहिलीत शिसे तंगुसावर कडीतून मोकळे सरकते; तंगूस तुटला की ते तुटक्या टोकावरून निघून जाते, मात्र वाटेत कडीत अडकेल अशी जाड गाठ असू नये. दुसरी पद्धत प्लास्टिकच्या लेड क्लिपची. शिसे क्लिपच्या दांड्यावर असते आणि वरून रबरी टोपी बसवलेली असते. शिसे अडकले की टोपी मागे सरकते आणि शिसे गळून पडते. येथे लोक हमखास दोन चुका करतात. फेकताना शिसे निसटू नये म्हणून टोपी जोर लावून शेवटपर्यंत दाबतात, आणि मग ती सरकतच नाही. किंवा स्विव्हल (दोऱ्या जोडणारी फिरती कडी) क्लिपमध्ये नीट अडकवत नाहीत, त्यामुळे ताण आल्यावर क्लिपच तंगुसावर मागे सरकते आणि शिसे तिच्यावरच राहते. क्लिप वापरली म्हणजे जुळणी आपोआप सुरक्षित झाली, असा समज काही जाणत्या मंडळींतही आढळतो. तो याच दोन कारणांनी चुकीचा आहे. तिसरी म्हणजे हेलिकॉप्टर रिग, जिच्यात शिसे टोकाला असते आणि आखूड दोरी त्याच्या वर, दोन मण्यांच्या मध्ये, तंगुसाभोवती फिरते. वरचा मणी ताण येताच सरकून तंगुसाच्या तुटक्या टोकावरून निघाला पाहिजे. तो पक्का बसवला तर ही जुळणी तिन्हींत सर्वांत वाईट ठरते. आत शिशाची तार असलेल्या लीडरवर (तंगुसाच्या शेवटी जोडलेल्या जड दोरीवर) अनेक तळ्यांनी बंदी घातली आहे, तीही याच भीतीने: तंगूस लीडरच्या वर तुटला तर हे सारे वजन माशाबरोबर जाते.

घरीच करता येण्याजोगी परीक्षा अशी. जुळणी पूर्ण बांधावी, तंगूस शिशाच्या वर हातभर अंतरावर कापावा, शिसे एका हातात असे धरावे की जणू ते मुळांत अडकले आहे, आणि आखूड दोरी दुसऱ्या हाताने, गळाला बोट न लावता, सावकाश ओढावी. शिसे हातात राहून बाकी सारे सुटून आले तर जुळणी ठीक. जोर लावावा लागला तर ती पाण्यात टाकण्याजोगी नाही.

शिशाबाबत आणखी एक कायदेशीर गोष्ट संदेशात नाही. ०.०६ ग्रॅमपेक्षा जड आणि २८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची वजने विकण्यास ब्रिटनमध्ये १९८७ पासून बंदी आहे, कारण तळाशी पडलेले असे तुकडे खड्यांबरोबर गिळून हंस विषबाधेने मरत होते. कार्पसाठीची मोठी वजने या बंदीबाहेर आहेत, पण भारतातून बॅगेत आणलेली छोटी शिसी येथे वापरू नयेत.

जाड तंगुसाचा सल्ला मी पूर्णपणे खोडणार नाही. बारीक तंगूस वारंवार तुटतो आणि प्रत्येक तुटण्यात एक मासा धोक्यात येतो. त्यामुळे पाणवनस्पती किंवा बुडालेली झाडे असलेल्या तळ्यावर १२ ते १५ पौंड ताण सोसणारा, सुस्थितीतला तंगूस वापरणे योग्यच आहे. परंतु न तुटणारा तंगूस अस्तित्वात नाही, आणि घट्ट शिशाला जाड तंगूस जोडल्याने अपघात कमी वेळा होतो, इतकेच. झाला की तो तितकाच वाईट असतो.

गळ चार दिवसांत गंजून पडतो, हा दावा गैरसमजावर उभा आहे. कार्पचे गळ कठीण पोलादाचे असतात आणि गंजू नयेत म्हणूनच त्यांवर लेप दिलेला असतो. स्टेनलेस पोलादाचा असेल तर प्रश्नच मिटला. टोकामागे उलटा काटा नसलेला किंवा अगदी बारीक काट्याचा गळ ताण ढिला पडल्यावर मासा स्वतः झटकून टाकू शकतो, आणि म्हणूनच बरीच तळी काटाविरहित गळाचा आग्रह धरतात. पण शिसे अडकून दोरी ताठच राहिली तर ताण ढिला पडतच नाही. गंजण्याच्या भरवशावर शिसे घट्ट बांधणारा हे विसरतो.

शेवटचा दावा मासा घरी नेण्याचा. जीवशास्त्राच्या दृष्टीने संदेश बरोबर आहे: इंग्लंडमधला कार्प आणि महाराष्ट्रात सायप्रिनस म्हणून ओळखला जाणारा मासा एकाच जातीचा आहे. फरक आहे तो तळ्याच्या व्यवहारात. आपल्याकडे मत्स्यबोटुकली सोडतात ती वाढवून विकण्यासाठी. ते पीक आहे. इंग्लंडमधील तळ्यांत तोच मासा वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा धरून सोडला जातो, आणि मालकाच्या परवानगीशिवाय तो तळ्यातून नेणे नियमाविरुद्ध आहे. मासेमार रिचर्ड वॉकर यांनी १९५२ मध्ये हेरफर्डशरच्या रेडमायर तळ्यावर धरलेला ४४ पौंडांचा कार्प लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नेला गेला आणि तेथे १९७१ पर्यंत जगला. केंटमधील कॉनिंगब्रूक तळ्यातला ‘टू-टोन’ नावाचा कार्प २००८ मध्ये ६७ पौंड १४ औंस भरला आणि तेव्हा ब्रिटनचा विक्रम ठरला. त्याआधी तो अनेकांच्या गळाला लागून सुखरूप परत गेला होता आणि २०१० मध्ये मेला. टू-टोन पहिल्याच खेपेस कढईत गेला असता किंवा घट्ट शिशाने तळाशी बांधला गेला असता, तर तो एवढा वाढलाच नसता.

मासा सोडायचा असल्याने त्याला हाताळण्याचे नियमही येतात, ज्यांचा संदेशात उल्लेखच नाही. मोठे झोळीजाळे, जाड गादी आणि ती ओली करण्यासाठी बादलीभर पाणी हे सामान आधी मांडून मगच गळ टाकावा. मासा उभ्याने धरून फोटो काढू नये, कारण तो हातातून निसटला तर उंचावरून जमिनीवर आपटतो. जाळी आणि गादी दुसऱ्या तळ्यावरून ओली आणणे सर्वांत जोखमीचे, कारण कोई हर्पिस विषाणूचा रोग, जो ब्रिटनमध्ये आढळल्यास सरकारला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, ओलसर सामानातूनही एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतो आणि उन्हाळ्यात पाणी तापल्यावर तळ्यातील कार्पचा मोठा हिस्सा मारू शकतो. म्हणून अनेक तळ्यांच्या फाटकाशीच जंतुनाशकाची टाकी असते, आणि काही ठिकाणी स्वतःची जाळी आणण्यास मनाई करून तेथील जाळीच वापरायला देतात.