राखीव टॅकल ऑगस्टमध्ये घडतो, फेब्रुवारीत नाही

फेब्रुवारी 2025 चा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या NFL लीगचा अंतिम सामना, काल पुन्हा पाहिला. तेव्हा पाहिला होता सोमवारी पहाटे पाचचा गजर लावून, घरातले सगळे झोपलेले असताना. ईगल्सनी चीफ्सविरुद्ध 40-22 असा जिंकला, चीफ्सचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) महोम्सला सहा वेळा लोळवलं, आणि कौतुक झालं ते त्यांच्या बचावफळीचं. रास्तच आहे. पण माझी नजर दोन्ही वेळा चीफ्सच्या लेफ्ट टॅकलवरच अडकली, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच जणांच्या लाइनमधल्या डाव्या कडेच्या गड्यावर.

तिथे उभा होता जो थूनी. हा माणूस मुळात गार्ड, म्हणजे टॅकलच्या आतल्या बाजूचा गडी, आणि त्या जागी अव्वल. पण मोसमभर धड टॅकल मिळेना, म्हणून डिसेंबरात त्यालाच कडेला सरकवलं आणि त्याच्या जागी राखीव गडी घातला. एक भोक बुजवायला दुसरं पाडलं! कबड्डीतली साखळी ज्याने धरली आहे त्याला हे सांगायला नको. एक हात सुटला की शेजारचा कितीही तगडा असो, चढाईवाला निसटतोच.

बरं, हे पहिल्यांदा झालं का? 2021 च्या सुपर बोलमध्ये याच चीफ्सचे दोन्ही टॅकल जखमी होते आणि टॅम्पा बेने त्यांना 31-9 धुतलं. त्यानंतर त्यांनी अख्खी लाइन नव्याने उभी केली. माझ्या मते ते बरोबर निम्मा धडा शिकले: पहिले पाच बदलले, सहावा-सातवा घडवायचा राहिला. 2024 च्या ड्राफ्टमध्ये (नवोदितांच्या निवडीत) दुसऱ्या फेरीत घेतलेल्या टॅकल सुआमाटायाला दुसऱ्याच सामन्यात बाकावर बसवलं. मग अनुभवी हम्फ्रीज आणला, तो पहिल्याच सामन्यात मांडीचा स्नायू दुखावून बसला.

उलट ईगल्सचा लेफ्ट टॅकल मायलाटा बघा. सिडनीचा रग्बी लीगवाला. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेल्या या पोराला 2018 मध्ये सातव्या फेरीत घेतलं. पहिली दोन वर्षं तो एकाही सामन्यात उतरला नाही. तरी लाइनचे प्रशिक्षक स्टाउटलँड मास्तरांनी त्याला उभं कसं राहायचं, हात कधी टाकायचा इथपासून शिकवलं. 2020 मध्ये दुखापतींमुळे संधी मिळाली आणि 2021 मध्ये पहिल्या फेरीतल्या डिलर्डला मागे टाकून त्याने जागा पटकावली.

असे मायलाटा रोज निघत नाहीत, मान्य. त्यात लीग आणि खेळाडू संघटनेच्या 2011 च्या करारापासून मोसमात पॅड बांधून सराव फक्त 14 वेळा, आणि त्यातही राखीव पोरं पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करण्यातच दमतात. 2020 च्या करारात आठ लाइनमन तयार ठेवले तर सामन्याला 48 खेळाडू उतरवायची मुभा मिळाली. खुर्ची मिळाली, शिकवणीचं काय?

म्हणून संघात कोण चांगलं शिकवतंय हे मला बघायचं असलं की मी मोसमाआधीचे, ऑगस्टमधले सराव सामने लावतो. तेही चौथा, म्हणजे शेवटचा क्वार्टर, जेव्हा मैदानावरच्या लाइनमनची नावं मलासुद्धा यादी उघडून शोधावी लागतात.