‘दोन साइज मोठेच घ्या’ हा सल्ला सरसकट का पाळू नये

लहान मुलांचे पुढच्या हंगामाचे कपडे आधीच घेऊन ठेवणाऱ्या पालकांना एक सल्ला हमखास दिला जातो आणि तो तसाच पुढे पाठवला जातो. त्याचा मजकूर साधारण असा असतो : मूल भराभर वाढतं म्हणून कपडे दोन साइज मोठेच घ्यावेत, लेबलवरचं वय पाहिलं की पुरतं, मोठे झालेच तर दुमडून घालता येतात, आणि एका खरेदीत दोन वर्षं निघतात. वाढत्या अंगाचे कपडे घेण्याच्या आपल्या जुन्या सवयीमुळे हे सगळं पटकन पटतं. हंगाम सरताना उतरलेल्या किमतीत खरेदी करण्यात काही गैर नाही, मीही ती करते. माझा आक्षेप ‘दोन साइज’ या आकड्याला आणि त्याच्या समर्थनार्थ दिल्या जाणाऱ्या प्रत्येक कारणाला आहे.

मूल भराभर वाढतं, हे विधान पहिल्या वर्षापुरतं पूर्णपणे खरं आहे आणि माझ्या मते या सल्ल्याचा उगमही तिथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाढीच्या मानकांनुसार मुलग्यांची मध्यम उंची जन्मवेळी ४९.९ सेंटिमीटर आणि पहिल्या वाढदिवसाला ७५.७ सेंटिमीटर असते, म्हणजे वर्षभरात जवळजवळ २६ सेंटिमीटरची भर पडते. पुढे मात्र हा वेग झपाट्याने उतरतो : दुसऱ्या वर्षात सुमारे १२ सेंटिमीटर, तिसऱ्यात ९ आणि चौथ्यात जेमतेम ७. मुलींची उंची या वयांत साधारण अर्ध्या ते पावणेदोन सेंटिमीटरने कमी असते, पण वेग उतरण्याची रीत तीच. ज्या आईवडिलांनी सहा महिन्यांच्या बाळासाठी पुढच्या सहा महिन्यांचा विचार करून दोन साइज मोठे कपडे घेतले, त्यांचा अंदाज बरोबर ठरला. चूक होते ती तोच हिशेब दोन आणि तीन वर्षांच्या मुलाला लावताना.

एक उदाहरण मांडून पाहते. ज्या पद्धतीत मुलांच्या कपड्यांचं माप म्हणजे थेट उंचीचे सेंटिमीटर असतात (८०, ८६, ९२, ९८), तिथे लागोपाठच्या दोन मापांत ६ सेंटिमीटरचं अंतर असतं. समजा, मुलगा वीस महिन्यांचा आहे, उंची ८४ सेंटिमीटर आहे आणि सध्या त्याला ८६चे कपडे बसतात. खरेदी सहा महिन्यांनी सुरू होणाऱ्या आणि चार महिने चालणाऱ्या हंगामासाठी आहे. मध्यम वेगाने वाढला तर हंगामाच्या सुरुवातीला तो सुमारे ८९ आणि शेवटी सुमारे ९२ सेंटिमीटरचा असेल. त्याला ९२ हे माप, म्हणजे एकच साइज मोठा कपडा, हंगामभर पुरेल. सल्ला ऐकून ९८ घेतलं, तर पहिल्याच दिवशी कपडा नऊ सेंटिमीटरने मोठा निघेल. याच मुलासाठी पूर्ण वर्षानंतरच्या हंगामाची खरेदी असेल, तर मात्र ९८ हेच माप योग्य ठरेल, हेही मान्य करायला हवं. हंगाम किती दूर आहे आणि मूल वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, या दोन गोष्टी कळल्याशिवाय साइजचा आकडा सांगताच येत नाही.

लेबलवरच्या वयाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. दुसऱ्या वाढदिवसाला ८१ सेंटिमीटरचा मुलगा आणि ९३ सेंटिमीटरचा मुलगा हे दोघेही सर्वसामान्य वाढीच्या कक्षेत असतात, पण एकाला ८६चा कपडा लागतो आणि दुसऱ्याला ९८चा. त्यातच एक उत्पादक ‘१८ महिने’ लिहितो तेव्हा त्याला अठरा महिन्यांपर्यंत असं म्हणायचं असतं, तर दुसऱ्याला तिथून पुढे. अमेरिकी मापांत ‘२४ महिने’ आणि ‘टू-टी’ (2T, म्हणजे दोन वर्षांच्या मुलाचं माप) हे एकच वाटतात, पण पहिल्यात सहसा डायपरसाठी जागा धरलेली असते आणि दुसऱ्याची बेतणी चालत्या-फिरत्या, डायपर सुटत आलेल्या मुलासाठी लांबट केलेली असते. म्हणून मुलाला भिंतीशी अनवाणी उभं करून उंची मोजावी, आणि आज नीट बसणारी एक पँट जमिनीवर पसरून तिच्या पायाच्या आतल्या शिवणीची लांबी टेपने घ्यावी. नवीन कपडा त्या लांबीशी ताडून पाहिला की लेबलवर काय छापलं आहे याची फारशी चिंता उरत नाही. सुती होजिअरीचा कपडा असेल तर धुण्यात आटण्याचाही विचार करावा : चाळीस सेंटिमीटर लांबीचा कपडा पाच टक्के आटला की दोन सेंटिमीटर गेले.

दुमडून घालता येतात, हे कारण मला सर्वात चुकीचं वाटतं, कारण ते सोयीचं वाटतं आणि त्रास मुलाला होतो. दुमडता येतात फक्त बाह्या आणि पायांची टोकं. खांद्याची शिवण दंडावर उतरली तर ती दुमडता येत नाही, गळा सैल होऊन एका खांद्यावरून घसरतो तोही दुमडता येत नाही, आणि पँटचा कमरेपासून जांघेपर्यंतचा भाग लांब असला की तो गुडघ्यांच्या दिशेने लोंबतो व पाऊल आखडतं. माझी मुलगी अडीच वर्षांची असताना मी तिला दोन साइज मोठा स्वेटर घेतला होता. बाह्यांना दोन-दोन घड्या घातल्या होत्या, पण हात वर करून खाली आणला की घडी सुटायची आणि तळवा झाकला जायचा. एकदा ती खुर्चीवर चढत असताना तिने कड धरली ती लोकरीसकट, हात सटकला आणि हनुवटी खुर्चीवर आपटली. इजा किरकोळ होती, पण तिचा हात त्या बाहीत नेमका कुठे होता हे मला दिसलंच नव्हतं. नुकतंच चालायला, चढायला शिकलेल्या मुलाच्या टाचेखाली येणारी पँट हा याच जातीचा धोका आहे, आणि जिन्यावर तो आणखी वाढतो.

शिवाय सगळं शरीर एकाच प्रमाणात वाढत नाही. पहिल्या वाढदिवसानंतर मूल उंचीच्या मानाने सडपातळ होत जातं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, उतरत जातो आणि साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमारास पुन्हा चढू लागतो. म्हणून पँट कमरेत घट्ट होण्याआधी घोट्यावर आखूड होते, आणि दोन साइज मोठी पँट लांबीला पुढे-मागे पुरली तरी कमरेतून खाली सरकते. आतून बटणाने घट्ट करता येणाऱ्या इलॅस्टिकच्या पँट याच कारणासाठी उपयोगी असतात. डोक्याचा घेर तर दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे दोन साइज मोठी टोपी डोळ्यांवर येते.

रात्रीच्या कपड्यांबाबत तर मी ठाम आहे. अमेरिकेत नऊ महिन्यांपुढच्या मापांचे मुलांचे रात्रीचे कपडे एक तर ज्वालारोधक असावे लागतात किंवा अंगाबरोबर बसणारे. घट्ट बसणाऱ्या कपड्यांची ही मुभा १९९६ मध्ये दिली गेली. सैल कापड ज्वालेला सहज लागतं आणि त्याच्या आत हवा खेळती राहते, हे त्यामागचं कारण. असा पायजमा मुद्दाम दोन साइज मोठा घेतला की ज्या गुणासाठी तो तसा बेतला, तोच गुण जातो.

उरला दोन वर्षं निघण्याचा मुद्दा. पहिल्या वर्षी कपडा सैल म्हणून कपाटात राहतो, दुसऱ्या वर्षी बसतो, म्हणजे वापर एकाच वर्षाचा होतो. सैल जॅकेट किंवा रेनकोट एक साइज मोठा घेतला तर दुसऱ्या हंगामात थोडाफार उपयोगी पडतो, हे मी नाकारत नाही, कारण ते इतर कपड्यांवरून घालायचे असतात. बुटांना मात्र यातली कोणतीच सवलत नाही. अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा असावी. त्याहून मोठ्या बुटात पाऊल पुढे घसरतं आणि मूल बोटं आखडून चालू लागतं. ते हंगाम सुरू झाल्यावर, पाऊल मोजूनच घ्यावेत.