मामा पुणेकर झाले की!

‘पुण्यातल्या रुग्णालयांत कॅन्सरचे पेशंट वाढले, म्हणजे पुण्यात कॅन्सर वाढला’ हे लेखातलं वाक्य खटकलं. रुग्णालयाच्या कॅन्सर-नोंदणीत तिथे येईल तो मोजला जातो, मग तो लातूरचा असो की नगरचा. शहरातलं प्रमाण काढायचं तर लोकसंख्येवर आधारलेली, म्हणजे एका ठरलेल्या भागात राहणाऱ्या सगळ्या रुग्णांची, नोंदणी लागते, आणि तिच्यात निदानाआधी किमान वर्षभर इथे राहिलेलाच धरतात. आता गंमत बघा. माझे मामा धाराशिवकडचे, उपचारांसाठी आमच्याकडे सिंहगड रोडला येऊन राहिले. केसपेपरच्या खिडकीवर मागे ही रांग, आतला माणूस वैतागलेला. मी आपला घरचाच पत्ता सांगून मोकळा झालो. पुढे बायॉप्सीच्या रिपोर्टापासून डिस्चार्ज कार्डापर्यंत तोच छापून येत राहिला. नोंदणीवाल्यांनी फाइल चाळताना ‘मूळचे कुठले?’ असं खोदून विचारलं नसेल, तर मामा पुणेकर झाले की!

आणि भागायचं कशाने? लाखामागे दर काढताना छेदात लोकसंख्या हवी, ती २०११ च्या जनगणनेवरून अंदाजाने पुढे ओढलेली. पुण्याच्या कडेची तेव्हाची वाघोली आठवा आणि आजची बघा. छेद कमी पडला की दर उगाच फुगतो. देशात २०२० साली १३.९ लाख नवे रुग्ण, हा गाजलेला आकडासुद्धा मोजलेला नव्हता; २०१२ ते २०१६ मधल्या अशा २८ नोंदणी केंद्रांच्या माहितीवरून बांधलेला तो अंदाज होता. त्यात आपल्या बार्शीची ग्रामीण नोंदणीही येते, १९८७ पासून चालू असलेली. लेखात तिचं नावही नाही, हे मात्र फारच झालं.