चालू इंजिनात बॅटरीचं टर्मिनल काढू नका

ट्रकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘वायरमनला पैसे देऊ नका. गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढा, इंजिन बंद पडलं नाही तर डायनामो ठीक. मीटरवर २४ व्होल्ट दिसले तर बॅटऱ्याही ठीक. टेपसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतले तर काही बिघडत नाही. एक बसली तर तेवढीच बदला. रात्री मेन स्विच बंद केला की विषय संपला.’ यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही.

टर्मिनल काढण्याचंच घ्या. जुन्या डिझेल इंजिनाचा पंप यांत्रिक असतो. एकदा सुरू झालं की बहुतेक गाड्यांत त्याला वीज लागतच नाही, डायनामो जळालेला असला तरी ते चालत राहील. मग परीक्षा झाली कशाची? उलट चार्जिंग चालू असताना बॅटरी सुटली की डायनामोचा झटका शोषायला कोणी उरत नाही. २४ व्होल्टच्या गाडीत तो क्षणभर शंभर व्होल्टच्या वर जाऊ शकतो. डायनामोतले डायोड आणि कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) त्यात जातात, बीएस-६ म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीत तर ईसीएमवरच, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरवरच बेतू शकतं.

ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ केलेले असतात. त्यामुळे त्यापेक्षा इंजिन थोडं रेस करून दोन्ही बॅटऱ्यांच्या बाहेरच्या टोकांना मीटर लावा. साधारण २७.५ ते २८.५ आले तर चार्जिंग होतंय. २५ च्या आसपासच घोटाळत असेल तर आधी डायनामोचा बेल्ट ढिला नाही ना ते दाबून बघा. मग डॅशबोर्डवरची चार्जिंगची बत्ती: चावी ऑन केल्यावर ती लागतच नसेल तर बल्ब उडालेला असू शकतो, आणि कित्येक गाड्यांत डायनामोला सुरुवातीचा करंट त्याच बल्बातून मिळतो. एवढ्याशा बल्बापायी डायनामो खोलला जातो.

आता ते २४ व्होल्ट. काही तास उभ्या गाडीत भरलेल्या जोडीवर २५.२ ते २५.४ दिसायला हवेत. २४ म्हणजे प्रत्येकी १२, म्हणजे बॅटऱ्या जेमतेम पाव भरलेल्या! सेल्फ मारताना मीटर १८-१९ च्या खाली गेला तर बॅटऱ्या उतरल्यात किंवा कमजोर आहेत. तिथे व्होल्ट टिकतात पण सेल्फ रडतोय, तर सेल्फ मारतानाच बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये मोजा. अर्धा व्होल्ट दिसला तर दोष अर्थिंगच्या केबलचा.

सगळ्यात जास्त बॅटऱ्या मात्र टेपवाला सल्ला खातो. टेप, मोबाइल चार्जर, पंखा असं सगळं बॉडीला अर्थ असलेल्या खालच्या बॅटरीवर जोडतात. ती रोज थोडी जास्त उतरते. डायनामोला दोघींची बेरीज तेवढी कळते, तो २८ देत राहतो. मग खालचीवर १३ आणि वरचीवर १५ अशी वाटणी होते. खालची कधीच पूर्ण भरत नाही, तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. वरची उकळते, तिच्यात पाणी टाकून टाकून क्लीनर थकतो. शेवटी शिव्या बॅटरी कंपनीला! इंजिन चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर आधी हे जोड तपासा, आणि १२ व्होल्टच्या वस्तूंसाठी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा.

हाच घोळ नव्या-जुन्या जोडीत होतो. म्हणून बदलायच्या तर दोन्ही, एकाच क्षमतेच्या.

मेन स्विचबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. पण जीपीएस ट्रॅकर बऱ्याचदा स्विचच्या आधीच थेट बॅटरीवर जोडलेला असतो, तो चालूच राहतो. शिवाय बीएस-६ गाडीत चावी बंद केल्यावर डीईएफचा (धूर साफ करणाऱ्या युरियाच्या द्रावाचा) पंप थोडा वेळ चालून पाइप रिकामा करतो, त्याआधी स्विच पाडू नका.

कुठूनतरी एक अँपिअर गळत असेल तर दिवसाला २४ अँपिअर-तास जातात. १२० च्या बॅटऱ्या तीन दिवसांत निम्म्याहून खाली येतात. चोर शोधायला सगळं बंद करून पंधरा-वीस मिनिटांनी डीसी क्लॅम्प मीटर लावा (घरगुती वायरिंगवाल्याचा बहुधा फक्त एसी मोजतो, तो इथे कामाचा नाही). मग एकेक फ्यूज काढत जा. सगळे काढूनही आकडा हलला नाही, तर बॅटरीचं निगेटिव्ह सोडून डायनामोची जाड वायर काढा, तिचं टोक इन्सुलेशन टेपने गुंडाळा आणि निगेटिव्ह परत जोडून मोजा. आकडा आता पडला तर डायोड गळतोय.