शंभर वर्षांच्या संघटनेला सभासद हवेत

ग्वाल्हेर येथे ७ नोव्हेंबर १९२५ रोजी स्थापन झालेल्या इंडियन हॉकी फेडरेशनची शताब्दी २०२५ मध्ये साजरी झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. तेव्हापासून साताऱ्यातील मित्रांशी आणि नातेवाइकांशी बोलणे झाले की एक वाद हटकून निघतो. काहींच्या मते पुढारी आणि अधिकारी यांना क्रीडा संघटनांतून बाहेर काढून तेथे खेळाडू बसवले की प्रश्न सुटेल. इतरांना सरकारचा हात या क्षेत्रात नकोच आहे. नेदरलँड्समधील आम्स्टेलव्हेन या गावात, जेथे हॉकी हा शनिवार-रविवारचा नित्यक्रम आहे, काही वर्षे राहिल्यानंतर मला असे वाटते की दोन्ही बाजू केवळ वरच्या खुर्चीकडे पाहत आहेत.

भारतीय महासंघाचा आरंभ अभिमान वाटावा असाच आहे. स्थापनेला तीन वर्षे होण्याआधीच, २६ मे १९२८ रोजी, भारतीय संघाने ॲम्स्टरडॅम येथे ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात यजमान नेदरलँड्सला ३-० असे हरवले. डच महासंघ १८९८ सालचा, म्हणजे आपल्यापेक्षा सत्तावीस वर्षांनी मोठा होता. ज्या संघाला मुंबईच्या बंदरावर निरोप देण्यासाठी तीनच माणसे आली होती असे सांगितले जाते, त्या संघाचा हा पराक्रम होता. १९८० पर्यंत आठ सुवर्णपदके मिळाली. मात्र विजयांच्या त्या काळात संघटना कोणाला उत्तरदायी आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

त्याची किंमत २००८ मध्ये मोजावी लागली. सँटियागो येथील पात्रता स्पर्धेत ब्रिटनकडून पराभव झाला आणि भारतीय पुरुष संघ प्रथमच ऑलिंपिकला मुकला. पुढच्याच महिन्यात, संघनिवडीसाठी पैसे घेतल्याचा आरोप एका वृत्तवाहिनीच्या छुप्या चित्रीकरणातून महासंघाच्या सचिवांवर झाला आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेने महासंघाला निलंबित केले. २००९ मध्ये हॉकी इंडिया ही नवी संस्था उभी राहिली. पण जानेवारी २०१० मध्ये, विश्वचषक तोंडावर असताना, पुण्यातील शिबिरात खेळाडूंना थकीत मानधनासाठी सरावावर बहिष्कार टाकावा लागला, आणि २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या नव्या संस्थेतील तहहयात पदे बेकायदा ठरवून तिच्यावर प्रशासक नेमले. नाव बदलले, माणसेही बदलली, तरी खेळणाऱ्याला संघटनेत मत नसणे हा मूळ दोष तसाच राहिला. त्यानंतर दिलीप तिर्की यांच्यासारखा माजी कर्णधार अध्यक्ष झाला आणि टोकियोपाठोपाठ पॅरिसलाही कांस्यपदक मिळाले, याचा आनंद मलाही आहे. परंतु त्या यशामागे २०१८ पासून ओडिशा सरकारने दिलेले पैसे आहेत, आणि एका राज्याच्या औदार्यावर देशाची हॉकी कायमची उभी राहू शकत नाही.

येथे नेदरलँड्समध्ये हॉकीची व्यवस्था खालून वर जाते. प्रत्येक क्लब ही सभासदांची नोंदणीकृत संस्था असते, तिची वार्षिक सभा अंदाजपत्रक आणि वर्गणी ठरवते, आणि हे क्लबच राष्ट्रीय महासंघाचे सभासद असतात. किशोरवयीन मुलांनाही पंचाची परीक्षा देऊन लहान गटांच्या सामन्यांत शिट्टी हातात घ्यावी लागते, पालकांना उपाहारगृहात पाळीने काम करावे लागते, आणि म्हणूनच हिशोबाची चौकशी करण्याचा त्यांचा अधिकार कोणाला खटकत नाही. या व्यवस्थेचे गुणगान करताना एक गोष्ट लपवता कामा नये: येथील वर्गणी आणि साहित्य महाग आहे, आणि हॉकी हा प्रामुख्याने सुस्थितीतील कुटुंबांचा खेळ राहिला आहे. आसूसारख्या फलटण तालुक्यातील गावातून आलेली वैष्णवी फाळके पुण्याच्या शासकीय क्रीडा प्रबोधिनीत घडून भारताच्या संघापर्यंत पोहोचली, तशी वाट येथे सहज सापडणार नाही. सरकारने हात काढून घ्यावा असे म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनी याचा विचार करावा.

संघटना पाठीशी नसेल तर काय होते, हे सातारा जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताला हॉकीचे सुवर्ण आणि गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे कांस्य, अशी दोनच पदके मिळाली; त्यांपैकी खाशाबांच्या प्रवासखर्चासाठी लोकवर्गणी गोळा झाली आणि त्यांच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवले.

नव्या कायद्याने कार्यकारिणीत नामवंत खेळाडूंना आणि किमान चार महिलांना स्थान दिले आहे, तंट्यांसाठी न्यायाधिकरणाची तरतूद केली आहे, आणि हे सारे स्वागतार्ह आहे. तरीही हॉकी इंडियाचे सभासद म्हणजे राज्य संघटना आणि रेल्वे, सेनादलांसारख्या संस्था. जिल्ह्यातील खेळाडूपर्यंत मताचा अधिकार पोहोचत नाही. सातारा-सांगलीच्या माणसाला तर सभासदत्व म्हणजे काय हे कोणा डच माणसाकडून शिकण्याची गरज नाही. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत गोंधळात विषय मंजूर होतात, हे मान्य. पण तेथे शेअर असलेला शेतकरी उभा राहून दराविषयी आणि ताळेबंदाविषयी जाब विचारू शकतो, आणि पाच वर्षांनी संचालक मंडळ बदलूही शकतो. जिल्हा हॉकी संघटनेत खेळाडूंना, प्रशिक्षकांना आणि पालकांना असे सभासदत्व मिळाले, सभेची सूचना आणि लेखापरीक्षण अहवाल मराठीतून त्यांच्या हाती पडला, तर वरच्या कायद्याला खाली आधार मिळेल. राज्य संघटनेच्या मान्यतेसाठी ही अट घालावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. आम्ही परदेशस्थ मंडळी गावाकडच्या मुलामुलींसाठी स्टिक आणि गोलरक्षकाचे साहित्य पाठवतो, ते अवश्य पाठवावे. मात्र ज्या संघटनेमार्फत ते वाटले जाणार आहे, तिच्याकडून सभासदांची यादी आणि मागील वर्षाचा लेखापरीक्षित हिशोब आधी मागून घ्यावा.