पाद्र्याचं नाव ठरवतं कोण?

2025 च्या जूनमध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका आमदाराने धर्मांतर घडवणाऱ्या पाद्र्यांना चोप देणाऱ्यांसाठी लाखांची बक्षिसं जाहीर केली आणि आमचा शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप दोन दिवसांत दुभंगला. एका बाजूला ‘सेवेच्या नावाखाली बाटवाबाटवी’, दुसऱ्या बाजूला ‘मग शाळा-दवाखाने काढले कोणी?’ जुलैत ख्रिस्ती समाज आझाद मैदानावर जमला, त्यावरून पुन्हा जुंपली.

इंग्लंडमध्ये बसून मी हे वाचत होतो. एक आधीच सांगतो. मार खावा लागू नये म्हणून कुणाचं नाव चांगलं असावं लागत नाही. त्यासाठी राज्यघटना आहे, पोलीस आहेत. पण नाव कमवायचं कसं हा प्रश्न उरतोच, आणि तो बायबलमध्येच आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या पुढाऱ्याने कसं असावं ते सांगितलंय. त्यात एक अट अशी की बाहेरच्या लोकांतही त्याच्याविषयी चांगलं बोललं जावं. मी त्या बाहेरच्यांपैकी. घरात गणपती बसतो, चर्चशी संबंध शेजारापुरता.

इथल्या चर्च ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे सर्वोच्च धर्मगुरू, आर्चबिशप जस्टिन वेल्बी 2013 मध्ये वोंगा नावाच्या भरमसाट व्याज लावणाऱ्या कंपनीवर तुटून पडले. पतपेढ्या उभ्या करून तुमचा धंदा बसवू, असा त्यांचा पवित्रा होता. लगेच बातमी आली की चर्चचेच पैसे आडवाटेने त्या कंपनीत गुंतलेत. वेल्बींनी रेडिओवर लाज वाटते म्हणून कबूल केलं, आणि लोकांच्या मनातून ते उतरले नाहीत. त्याच वर्षी जॉन स्माइथ या बॅरिस्टरने चर्चशी जोडलेल्या शिबिरांतल्या मुलांचा अमानुष छळ केल्याची माहितीही त्यांच्यापर्यंत पोचली होती. तिथे मात्र पाठपुरावा झाला नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये या प्रकरणाच्या चौकशीच्या मेकिन अहवालाने त्यावर बोट ठेवलं आणि आठवड्याच्या आत वेल्बींना राजीनामा द्यावा लागला. माणूस तोच, वर्षही तेच. पहिल्या प्रकरणात चर्चचे पैसे होते, दुसऱ्यात लोकांची पोरं.

चर्च ऑफ इंग्लंडच्या पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका स्थानिक चर्चच्या हद्दीत, दरवर्षी चर्चवॉर्डन म्हणजे चर्चच्या कारभारावर लक्ष ठेवणारे लोक निवडायची सभा होते. त्या हद्दीत राहणारा आणि स्थानिक मतदारयादीत नाव असलेला कुणीही तिथे मत देऊ शकतो, धर्म विचारत नाहीत. राष्ट्रकुलातले म्हणून भारतीय पासपोर्टवाल्यांचीही नावं त्या यादीत लागतात. शेजारच्या आजींच्या आग्रहाने मी एकदा गेलो. हॉलमध्ये गारठा, पंधरावीस माणसं, कुणी कोट काढलेला नाही. प्रत्येक खुर्चीवर छापील ताळेबंद. हॉलचं भाडं यंदा कमी का जमलं, असं एका म्हाताऱ्याने खडसावून विचारलं. व्हिकारबाई, म्हणजे तिथल्या पाद्रीबाई, म्हणाल्या, बघून सांगते, आणि वहीत टिपून घेतलं. बाहेर फलकावर मुलांबाबत तक्रार असेल तर कुणाला फोन करायचा ते नावानिशी लिहिलेलं. भाबडेपणाने सांगत नाही. एवढे नियम असूनही स्माइथ प्रकरण दडपलं गेलंच. शिवाय रविवारी हीच चर्चेस ओस असतात.

आमच्या सांगली भागात मिशनरी डॉ. विल्यम वानलेस यांना प्रशस्तिपत्राची गरज पडली नाही. 1894 मध्ये त्यांनी मिरजेला दवाखाना उभा केला, आणि आज सांगली-मिरजेच्या मधल्या वस्तीला लोक वानलेसवाडीच म्हणतात. पण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुण्याईवर आजचे बिशप किती दिवस काढणार? आरोप झाला की शाळा-दवाखान्यांची यादी पुढे करायची, हे मला पटत नाही. डोनेशन भरून मुलाला कॉन्व्हेंटात घातलेल्या बापाला त्या यादीचं काय कौतुक? आणि 2022 मध्ये जबलपूरच्या बिशपच्या घरी धाड पडून दीड कोटीहून जास्त रोकड सापडल्याची बातमी येते, तेव्हा ती यादी वाचतं कोण?

वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची गोष्ट वेगळी. हरित वसईच्या लढ्यात ते बिल्डर, टँकरवाले आणि गुंडगिरीविरुद्ध उभे राहिले. विहिरी आटत होत्या त्या हिंदूंच्याही आणि ख्रिश्चनांच्याही. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा विरोध झाला, धमक्याही आल्या. तरी संमेलन झालं आणि आजारी असूनही ते आले. तुकोबा-ज्ञानोबांवर प्रेम करणारा हा पाद्री मराठी वाचकांना परका वाटला नाही. मात्र असा माणूस घडायला उभा जन्म जातो, आणि प्रत्येक धर्मप्रांताला तो लाभत नाही.

हिशेब मात्र कुणालाही दाखवता येतो. मिशनच्या जमिनी कुणाला, किती भाड्याने, कुणाच्या सहीने गेल्या, ते चर्चच्या दारावर मराठीत लावायला दिब्रिटो लागत नाहीत. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, तर एकाने लगेच विचारलं, ‘मग देवस्थान ट्रस्टचं काय?’ त्यांचेही लावा की. माझ्या गावच्या देवळापासून सुरुवात केलीत तरी चालेल.