बोंडअळी तग धरते, दादा नाही

यवतमाळकडच्या माझ्या मामेभावाने, दादाने, परवा घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, "पाय, म्हणून मले काही होत नाही." मेसेजात काय, तर बोंडअळीला जशी औषधाची सवय होते, तसे वर्षानुवर्षं फवारा मारणाऱ्याचे जीन्सही बदलतात आणि विष पचवू लागतात. वर ग्लासभर दूध घ्यायचं, आणि औषधाला वास नसेल तर निर्धास्त राहायचं.

अळी काही सवय लावून घेत नाही हो! फवाऱ्यात बाकीच्या मरतात. एखादीत जन्मतःच तग धरायचा गुण असतो, ती उरते आणि तिचीच पिलावळ वाढते. माणसाला हाच हिशोब लावायचा तर आधी गाव रिकामं व्हायला हवं. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. ते काय आदल्या दिवशी पंप उचलायला शिकले होते?

होतं नेमकं उलटं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं नसांचं काम सांभाळणारं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतात. ते भरून यायला आठवडे लागतात. दादा तर दोन दिवसांत दुसऱ्या वावरात असतो. अंगात बनियन, तोंडाला दुपट्टा, गळक्या पंपाने भिजलेली पाठ, आणि त्याच बोटांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा. एन्झाइम असं हळूहळू घसरलं की बरेच दिवस काही जाणवतही नाही. त्यालाच हा सवय म्हणतो. मग एखाद्या दुपारी नेहमीच्याच फवाऱ्याने माणूस आडवा होतो.

जीन्सचा संबंध आहे, तेवढं मान्य. पॉन-१ नावाच्या जीनमुळे बनणारं एन्झाइम क्लोरपायरीफॉस, डायझिनॉनसारख्या काही विषांची मोडतोड करतं, आणि ते कुणात जास्त, कुणात कमी असतं. पण ते जन्माने मिळतं, फवारून वाढत नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर कुटुंबांतल्या आया आणि नवजात बाळांचं रक्त तपासलं, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. बाळांमध्ये हे एन्झाइम आयांपेक्षा सरासरी कितीतरी कमी निघालं. दादा, वहिनीला सातवा लागलाय आणि तुझे फवाऱ्याचे कपडे तीच धुते.

आणि जीन्स 'बदलतात' म्हणशील, तर डीएनएला इजा होते, ती कामाची नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये मॅलाथिऑन आणि डायझिनॉन 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकली.

वासाचं काय बोलायचं! बाटलीवरचा लाल त्रिकोण, म्हणजे अतिजहाल विषाची खूण, वास घेऊन कळत नाही. दुधाने कातडीतून आत गेलेलं विष उतरत नाही. लाळ गळायला लागली, घाम फुटला, बुबुळं टाचणीएवढी झाली तर कपडे काढ, साबणाने अंग धू आणि दवाखाना गाठ. औषधाची बाटली सोबत ने. ॲट्रोपिन हा उतारा टोचणाऱ्या डॉक्टरला त्यावरचं नाव हवं असतं, दूध किती प्यायलास ते नाही.